जुन्या ओट्यावर काँक्रीटचा लेप : वाद कुठवर आला आहे?

स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की पहिला घाव ओट्यावर पडतो. जुने ग्रॅनाइट निस्तेज झालेले असते, सिंकच्या कडेला टवके उडालेले असतात, रंग आवडेनासा झालेला असतो. मग ओटा फोडायचा की आहे त्यावरच काँक्रीटचा पातळ लेप चढवून त्याला नवे रूप द्यायचे, हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या इंटिरिअरच्या कामांत आता नेहमी निघतो. बाथरूममधल्या बेसिनच्या ओट्याबद्दलही तोच प्रश्न असतो. मायक्रोसिमेंट, सिमेंट ओव्हरले, स्किम कोट अशी त्याची बाजारातली नावे आहेत. पदार्थ थोड्याफार फरकाने एकच: सिमेंट, अतिशय बारीक वाळू किंवा दगडाची भुकटी, रंगद्रव्य आणि पॉलिमर.

हा थर किती पातळ असतो याची कल्पना आधी यायला हवी. 10 फूट लांब, 2 फूट रुंद ओट्यावर 3 मिलिमीटरचा थर द्यायला साधारण साडेपाच लिटर, म्हणजे 11-12 किलो मिश्रण पुरते. त्याच मापाची 18 मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी 90 किलोच्या घरात जाते. बोलताना सगळे 'काँक्रीटचा ओटा' म्हणतात, पण इथे काँक्रीट हा मधला एक पदर आहे. त्याच्या खाली जुना ओटा असतो आणि वर सीलरची झिल्ली. या विषयावरचे मतभेद बारकाईने पाहिले तर जवळजवळ सगळे या खालच्या आणि वरच्या पदराबद्दल आहेत, असे मला दिसते. आढावाही त्याच अंगाने घेतो.

पार्श्वभूमी

सिमेंट घोटून गुळगुळीत पृष्ठभाग करणे आपल्याकडे नवे नाही. घराघरांतला कोबा, आयपीएस म्हणजे इंडियन पेटंट स्टोनची जमीन, कोकणात आणि गोव्यात दिसणारी लाल ऑक्साइडची चकचकीत फरशी ही त्याचीच रूपे. मुंबईत 1922 साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या सिमेंट टाइल्स आजही जुन्या इमारतींत पायाखाली शाबूत आहेत. त्याआधीची चुन्याची परंपरा आणखी समृद्ध आहे. राजस्थानातली आराइश आणि चेट्टिनाडमधला घोटीव गिलावा भिंतीवर आरशासारखा चमकतो. मोरोक्कोत ताडेलाक्त नावाचा चुन्याचा लेप दगडाने घोटतात आणि त्यावर ऑलिव्ह तेलाचा साबण चोळतात. साबण चुन्याशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारा पदर तयार करतो, म्हणून तो लेप हमामखान्यांतही टिकतो.

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी काँक्रीट हा हौसेचा, कलेचा पदार्थ म्हणून पुढे आला तो मात्र अमेरिकेत, 1980 च्या दशकात. सॅन फ्रान्सिस्कोतील बडी ऱ्होड्स आणि बर्कलीतील फू-तुंग चेंग ही त्यातली ठळक नावे. चेंग यांचे 'काँक्रीट काउंटरटॉप्स' हे पुस्तक 2002 मध्ये आले आणि अनेक कारागीर त्यावरून शिकले. ते ओटे ओतीव होते: साच्यात ओतलेले, दीड-दोन इंच जाड, सळई किंवा जाळी घातलेले.

पातळ लेपाचे मूळ दुसरीकडे आहे. सिमेंटमध्ये रबराचा चीक मिसळण्याचे प्रयोग 1920 च्या दशकातच ब्रिटनमध्ये झाले होते. जर्मनीतील वॅकर कंपनीने 1950 च्या दशकात पाण्यात पुन्हा मिसळणारी पॉलिमरची पावडर बाजारात आणली आणि कोरडे मिश्रण पिशवीत भरून विकता येऊ लागले. साधा सिमेंटचा गिलावा 2 मिलिमीटर जाडीत लावला तर पाणी उडून जाते, सिमेंट अर्धवट कच्चे राहते आणि पोपडे निघतात. पॉलिमर ते पाणी धरून ठेवतो, थराला लवचिकपणा देतो आणि खालच्या पृष्ठभागाला चिकटवतो. जमिनीची पातळी सरळ करण्यासाठी बनवलेली अशी मिश्रणे पुढे अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी स्वतःच्या जुन्या लॅमिनेटच्या ओट्यांवर लावायला सुरुवात केली. मूळ माल फरशीच्या खाली झाकला जाण्यासाठी होता. त्याला ओट्याचा शेवटचा पृष्ठभाग केल्याने बरेचसे वाद निर्माण झाले.

थर कसा चढतो

कामाचा क्रम बहुतेक कारागीर सारखाच सांगतात. आधी तेल, साबण, मेण यांचा अंश धुऊन काढायचा. मग पॉलिश केलेले ग्रॅनाइट ग्राइंडरने खरवडून खडबडीत करायचे, कारण चकचकीत दगड पाणी पीत नाही आणि सिमेंटला पकड मिळत नाही. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि तो ओला असतानाच बारीक क्वार्ट्झची वाळू पेरतात. वाळल्यावर पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा हाताला लागतो. दोन लाद्यांच्या सांध्यावर काचतंतूंची जाळी बसवतात. मग पहिला भरड हात, नंतर थापीने घट्ट ओढलेले एक-दोन बारीक हात, प्रत्येकाच्या मध्ये घासणी. शेवटी सीलरचे दोन-तीन हात.

काम बिघडते ते सांध्यांवर. आपल्याकडचा ओटा सहसा कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर किंवा आरसीसी स्लॅबवर बसवलेला असतो. सिंकजवळ किंवा कोपऱ्यात दोन लाद्या जुळतात. त्या लाद्या केसभर जरी हलल्या तरी वरच्या थरात त्याच रेषेत भेग उमटते. भिंतीच्या डॅडो टाइल्स आणि ओटा यांच्यामधली फटही लेपाने भरून एकसंध दिसावी असा घरमालकाचा आग्रह असतो. जाणते कारागीर तिथे सिलिकॉनचा लवचिक सांधाच ठेवतात. भिंत आणि ओटा वेगवेगळे हलतात, मध्ये ताठ सिमेंट भरले की ते फुटणार.

हवामानाचाही हात असतो. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत पंखा चालू ठेवून काम केले तर थर पिकण्याआधी सुकतो. जुलैत रत्नागिरीला उलट अडचण: थरातले पाणी बाहेर पडत नाही आणि घाईने लावलेला सीलर खालून दुधाळ होतो. रात्रभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवायचा आणि सकाळी त्याखाली दव आहे का ते पाहायचे, ही साधी चाचणी त्यासाठीच आहे. ती करायला एक रात्र लागते, पण ठेकेदाराच्या वेळापत्रकात ही रात्र क्वचितच धरलेली असते.

लेपाच्या बाजूने

लेपाचे समर्थक तीन गोष्टी पुढे करतात. पहिली, तोडफोड टळते. ओटा फोडला की डॅडोच्या टाइल्स फुटतात, नळजोडणी आणि गॅसची नळी हलवावी लागते, खालची कपाटे काढावी लागतात, आणि राडारोडा सोसायटीच्या लिफ्टमधून खाली नेण्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुर होते. बांधकामाच्या कचऱ्यासाठी देशात 2016 मध्ये स्वतंत्र नियम झाले. तो कचरा निर्माणच न करणे हा त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय, असे ते म्हणतात. दुसरी, दिसणे. सांध्याविना सलग पृष्ठभाग, हवा तो करडा-मातकट रंग, हाताने ओढलेल्या थापीची पुसट लय. ग्रॅनाइट हे देऊ शकत नाही. तिसरी, लांबच्या कामात ओटा, डॅडो आणि बेसिन एकाच पदार्थात घेता येतात.

खर्चाचा मुद्दाही मांडला जातो, पण तो इथे जपून घ्यावा लागतो. अमेरिकेत लॅमिनेट काढून दगड बसवणे फार महाग पडते, त्यामुळे लेप ही बचत ठरते. भारतात ग्रॅनाइट कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तमिळनाडूतून मुबलक येते आणि साध्या काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बहुतेक वेळा चांगल्या मायक्रोसिमेंटपेक्षा स्वस्त पडतो. तिकडचा हिशेब जसाच्या तसा इकडे लावला तर गणित चुकते.

लेपाच्या विरोधातले दोन पक्ष

विरोधकांत एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, खराब ओटा झाकू नका, काढा. सिंकखालची ओल, मोकळी झालेली लादी, मुरलेले पाणी या दुखण्यांवर लेप हे औषध होत नाही, आणि झाकल्यावर ती वाढतात. लॅमिनेटखालच्या पार्टिकल बोर्डच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. पाणी लागले की तो फुगतो आणि वरचा सिमेंटचा थर उचलला जातो. दगडाच्या ओट्याचे तसे होत नाही. दगड आणि सिमेंट उष्णतेने जवळपास सारखेच प्रसरण पावतात. त्यामुळे खालचा दगड घट्ट असेल तर हा आक्षेप बराच बोथट होतो. आपल्या ओट्यांना हा एक खरा फायदा आहे आणि तो चर्चेत पुरेसा मांडला जात नाही.

दुसरा पक्ष काँक्रीटप्रेमींचाच आहे. त्यांचे म्हणणे, काँक्रीट हवे तर पूर्ण जाडीचे ओता, किंवा काचतंतूंनी बळकट केलेल्या जीएफआरसीचे करा. जाड काँक्रीटला चरा पडला, डाग मुरला तर वरचा पदर घासून पुन्हा घोटता येतो. 3 मिलिमीटरमध्ये घासायला जागा किती? पण ओतीव ओट्याचे वजन, त्याला लागणारे आठवडे आणि साच्याचे कौशल्य पाहता राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी तो पर्याय थोड्यांनाच परवडतो.

सीलर : खरा रणांगणाचा भाग

पिकलेल्या सिमेंटमध्ये कॅल्शियमची संयुगे असतात आणि ती आम्लात विरघळतात. बिनसीलरच्या नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून पाहावेत. बारीक बुडबुडे येतात, आणि पुसल्यावर तिथे खरखरीत फिकट वर्तुळ राहते. हळद टाकली तर आणखी वेगळे दिसते: पिवळी हळद हळूहळू लालसर तपकिरी होते. सिमेंट अल्कधर्मी आहे आणि हळदीतला कर्क्युमिन अल्कलीत लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. मराठी स्वयंपाकघरात चिंच, कोकम, लिंबू, ताक आणि हळद रोज ओट्यावर सांडतात. तेव्हा सगळी भिस्त सीलरवर येते आणि कोणता सीलर हा प्रश्न सगळ्यात तापलेला आहे.

आत मुरणारे सीलर, म्हणजे सिलेन-सिलोक्सेन, पाणी झटकून टाकतात आणि काँक्रीटचा मूळ पोत तसाच ठेवतात. लिथियम सिलिकेटसारखे द्रव्य मोकळ्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करते. पण दोन्ही आम्ल अडवू शकत नाहीत. वर झिल्ली धरणारे सीलर आम्ल अडवतात, पण प्रत्येकाचे काहीतरी दुखणे आहे. ॲक्रिलिक मऊ, चटकन ओरखडा धरणारे. इपॉक्सी टणक, पण खिडकीतल्या उन्हाने पिवळे पडणारे. दोन घटकांचे पॉलियुरेथेन सध्या सर्वाधिक पसंतीचे आहे, आणि माझ्या मते ओट्यासाठी तोच त्यातल्या त्यात समतोल पर्याय आहे. मेणाचेही आग्रही समर्थक आहेत. पण मधमाश्यांचे मेण 62-64 अंशांना वितळते आणि कार्नोबा 82 च्या पुढे. कुकरमधली वाफच 120 अंशांच्या आसपास असते आणि भाकरीचा तवा 200 च्या वर जातो. गरम भांडे नेहमी लाकडी पाटावरच ठेवले जाईल हे गृहीत धरून मेण लावणे मला धाडसाचे वाटते. झिल्लीच्या सीलरलाही तवा सोसत नाही, हेही इथेच सांगायला हवे.

झिल्लीचा मोठा दोष ती फाटल्यावर दिसतो. सुरीचा एक खोल चरा, तारेच्या घासणीने रोज घासलेली सिंकची कड, नारळ फोडताना बसलेला एक फटका. तिथून पाणी आत शिरते, खालचा थर काळसर दिसू लागतो आणि कडेने झिल्ली सुटते. तेवढ्याच जागी सीलर लावला तर ठिगळ दिसते.

यातूनच दोन वृत्ती तयार झाल्या आहेत. एका गटाला डाग अजिबात नको. तो जाड झिल्ली मागतो आणि मग पृष्ठभाग काँक्रीटपेक्षा प्लॅस्टिकसारखा लागतो अशी तक्रारही करतो. दुसरा गट डागांना ओट्याचे वय मानतो. ही दुसरी वृत्ती परदेशी चोचला म्हणून झटकून टाकता येणार नाही. कडाप्पा हा चुनखडीचाच दगड आहे. त्यावर लिंबाचे पांढुरके डाग पडतात, आणि आपल्या आया-आज्यांनी असे डाग पडलेल्या ओट्यांवर जन्मभर रांधले. फरक इतकाच की कडाप्प्यावरच्या डागाखाली आणखी इंचभर दगड असतो.

बाथरूममध्ये हा वाद पुष्कळ निवळतो. तिथे तवा नाही, चिंच नाही, सुरी नाही. बेसिनच्या ओट्यावर लेप चांगला टिकतो यावर दोन्ही बाजूंचे बऱ्यापैकी एकमत आहे. तिथला शत्रू मात्र निराळा. बोअरच्या जड पाण्याने नळाभोवती पांढरे क्षार साचतात आणि ते घालवायला संडास साफ करायचे ॲसिड वापरले जाते. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. झिल्लीला कुठे बारीकशी जरी फट असेल तरी ते खालचे सिमेंट पोखरते. कामवाल्या मावशींना हे आधीच सांगणे सीलरच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

अन्न, हात आणि धूळ

ओट्यावरच कणीक मळणाऱ्या घरांना अन्नाच्या सुरक्षिततेचा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. पूर्ण पिकलेला सीलर सहसा निष्क्रिय असतो. पण 'हाताला कोरडा' आणि 'पूर्ण पिकलेला' यांत पॉलियुरेथेनच्या बाबतीत साधारण आठवड्याचे अंतर असते आणि त्या आठवड्यात ओटा वापरात येतो. डब्यावर 'फूड सेफ' छापलेले असले तरी ते कोणत्या चाचणीवरून, हे विचारावे. अमेरिकेत व्यावसायिक स्वयंपाकघरांच्या साहित्यासाठी एनएसएफ/एएनएसआय 51 हे मानक आहे. घरगुती ओट्याला ते लागू होत नाही, पण विक्रेत्याला प्रश्न विचारायला ती एक पट्टी मिळते.

कारागिराच्या आरोग्याचा मुद्दा अलीकडे पुढे आला आणि तो यायलाच हवा होता. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत सिलिकाचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर जाऊ शकते. ते कापताना उडणाऱ्या धुळीने तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, आणि ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडाचा वापर बंद केला. असा निर्णय घेणारा तो पहिला देश. या पार्श्वभूमीवर लेपाचे समर्थक म्हणतात की नवा दगड कापण्यापेक्षा लेप बरा. पण लेपासाठी जुने ग्रॅनाइट खरवडावे लागतेच. त्यातही क्वार्ट्झ असतो, आणि बंद स्वयंपाकघरात तोंडाला रुमाल बांधून कोरडे ग्राइंडिंग चालते. पाणी मारत घासणे आणि योग्य मास्क यांचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून मागावा. ओल्या सिमेंटने हातांना होणारा त्वचारोगही याच हिशेबातला. त्याला कारण असलेल्या क्रोमियमवर युरोपीय संघाने 2005 पासून सिमेंटमध्ये 2 पीपीएमची मर्यादा घातली. आपल्याकडे गवंडी अजूनही उघड्या हाताने मिश्रण कालवतो.

पर्यावरणाचा हिशेब दोन्ही बाजूंनी अर्धवट मांडला जातो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे हे खरे. पण एका ओट्याच्या लेपात सिमेंट असते ते काही किलो. दुसरीकडे, लेपामुळे जुना दगड वाचतो असे म्हणताना तो दगड पुढे कशाच्याही कामाचा राहत नाही हे विसरले जाते. काढलेली ग्रॅनाइटची किंवा कडाप्प्याची लादी आपल्याकडे फेकत नाहीत. ती उंबऱ्याला, खिडकीच्या पट्टीला, कपाटाच्या फळीला लागते. इपॉक्सी आणि सिमेंट चढलेल्या लादीला कोणी घेत नाही.

अजून न सुटलेले

पकड किती, हे मोजता येते. थरावर धातूची चकती चिकटवून ती किती जोराने उखडते हे पाहणारी ओढ-चाचणी फरश्यांच्या कामात रुळलेली आहे. ओट्याच्या कामात ती सहसा होत नाही, कारण चाचणी घेतली की तेवढा तुकडा बिघडतो. वेगळ्या लादीच्या तुकड्यावर त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने नमुना करून तो तपासणे हा व्यवहार्य मार्ग आहे. त्याच नमुन्यावर लिंबू, चिंचेचा कोळ, हळद-तेल आणि चहा रात्रभर ठेवून सीलरही पारखता येतो. उत्पादकाच्या प्रयोगशाळेतला डाग-चाचणीचा अहवाल निर्दोष, पिकलेल्या झिल्लीचा असतो. दोन वर्षे घासलेल्या झिल्लीबद्दल तो काही सांगत नाही.

सर्वांत मोठा उघडा प्रश्न पुन्हा सील करण्याचा आहे. झिल्ली झिजल्यावर नवा हात द्यायचा तर जुनी झिल्ली घासावी लागते, नाहीतर नव्याची पकड बसत नाही. घासताना रंगीत थराचाही थोडा भाग जातो, आणि तोही मुळात पातळ. अशा किती फेऱ्या निभतील, हे मिश्रण, हात आणि घर यांवर अवलंबून राहते. ते ठरवायला ओट्यांच्या घरोघरच्या नोंदी ठेवाव्या लागतील: कोणता सीलर, कधी लावला, पहिला डाग कुठे आणि कशाने पडला. तोवर करारात एवढे तरी असावे की पहिली दोन वर्षे डागडुजीला कोण येणार आणि रंग जुळवण्यासाठी त्याच मिश्रणाची एक बंद पिशवी घरमालकाकडे राहणार का. सिमेंटची पिशवी ओल लागून काही महिन्यांत गोळे धरते, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवावी, आणि रंगद्रव्य वेगळे मोजून पुडीत बांधून घ्यावे.